मर्यादित खर्चात लहान मुलांचे होमस्कूलिंग: काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये?

अंगणवेल

आमची मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि मुलगा साडेतीन वर्षांचा. दोघांचेही शिक्षण निदान आठव्या वर्षापर्यंत घरीच करायचे, असे आम्ही दोघांनी विचारपूर्वक ठरवले आहे. शाळा की घर, या विषयावर इथे पूर्वी पुष्कळ चर्चा झाली आहे, त्यामुळे हा धागा मला फक्त पैशांपुरता ठेवायचा आहे. घरात एकाचाच पगार येतो आणि त्यातून शिक्षणासाठी दरमहा बाजूला काढता येणारी रक्कम अगदी थोडी आहे. होमस्कूलिंगची माहिती शोधू लागले की सर्वांत आधी विक्रीचे साहित्यच समोर येते: लाकडी मण्यांचे संच, वर्षभराचा आखून दिलेला अभ्यासक्रम, दर महिन्याला घरपोच येणारी खोकी, वर्गणी भरून वापरायची ॲप्स. हे सगळे पाहिले की आपल्याला हे परवडणारच नाही असे वाटू लागते. ज्यांनी लहान मुलांना घरी शिकवले आहे त्यांनी कृपया सांगावे की पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या वस्तूवाचून खरोखर अडले असते, आणि कोणती वस्तू घेतली नसती तरी काहीही बिघडले नसते.

पाटीपेन्सिल

आमच्या दोन्ही मुलांची सुरुवात घरीच झाली. ज्यांच्यावाचून अडले असते अशा वस्तू फार थोड्या आहेत: पाटी किंवा फळा, खडू, भरपूर कोरा कागद, बोथट टोकाची कात्री, गोंद आणि जाड पुठ्ठा. यातला कागद कोराच असावा, असा माझा आग्रह आहे. रेघी वह्या आणि गिरवण्याची पुस्तके मुलाच्या हाताला फार लवकर इवल्याशा जागेत कोंडतात. आधी खांदा आणि कोपर हलवून मोठमोठे गोल, उभ्या-आडव्या रेघा आणि नागमोडी वळणे मनसोक्त काढून होऊ द्यावीत. मनगट आणि बोटे त्यातूनच तयार होतात. जमिनीवर खडूने किंवा बाहेरच्या भिंतीवर ओल्या ब्रशने काढले तरी चालते. पाण्याची रेघ वाळून नाहीशी होते, त्यामुळे तेच वळण पुन्हा काढायला मूल कंटाळत नाही.

अक्षरओळखीसाठी काचकागद, म्हणजे आपण ज्याला पॉलिश पेपर म्हणतो तो, घ्यावा. त्याच्या मागच्या बाजूवर अक्षर उलटे काढून कापावे, म्हणजे खरखरीत बाजूने ते सुलटे दिसते. मग ते पुठ्ठ्यावर चिकटवून, जिथून लिहायला सुरुवात करायची तिथे एक ठिपका द्यावा. मूल दोन बोटे जोडून त्या अक्षरावरून फिरवते, आणि बोट वळणावरून घसरले की खरखरीतऐवजी गुळगुळीत पुठ्ठा लागतो. आपण काही बोलण्याआधीच चूक त्याच्या लक्षात आलेली असते.

ही कल्पना मारिया माँटेसरी यांची, आणि तिचा इतिहास या धाग्यासाठी फार मोलाचा आहे. त्यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. आधीच्या कामात त्यांच्याकडे लाकडात घडवलेली सुंदर, महागडी अक्षरे होती. तशीच या मुलांसाठी करून घेण्याची त्यांची इच्छा होती, पण ते जमले नाही, म्हणून त्यांनी कागदाची आणि काचकागदाची अक्षरे कापली. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की ही साधी अक्षरे त्या देखण्या अक्षरांपेक्षा कितीतरी सरस ठरली आणि हाताशी पैसे असते तर आपण जुन्याच अक्षरांना धरून बसलो असतो. आज त्यांच्या नावाने जे महागडे संच विकले जातात ते पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

गणितवेडा

@पाटीपेन्सिल यांच्याशी पूर्ण सहमत. गणिताच्या साहित्याविषयी थोडी भर घालतो.

शंभर वाळक्या काड्या आणि दहा रबरबँड घ्या. दहा काड्या झाल्या की मुलाने स्वतः रबर लावून जुडी बांधायची. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या, हे हाताने बांधलेल्या मुलाला हातचा वेगळा शिकवावा लागत नाही. सात सुट्या काड्यांत पाच मिळवल्या की तो आपणहून दहांची जुडी बांधतो आणि दोन बाजूला ठेवतो. वजाबाकीत पुरेशा सुट्या काड्या नसतील तर जुडी सोडावी लागते, आणि ती सोडण्याची क्रिया हीच त्या ‘उसने घेण्या’ची खरी समजूत आहे.

दुसरे साहित्य म्हणजे रंगीत पट्ट्या. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी एक ते दहा सेंटीमीटर लांबीच्या रंगीत लाकडी कांड्या तयार केल्या आणि केलेब गॅटेन्यो यांनी १९५० च्या दशकात त्या जगभर पोहोचवल्या. एक पांढरी, दोन लाल, तीन फिकी हिरवी, चार जांभळी, पाच पिवळी, सहा गडद हिरवी, सात काळी, आठ तपकिरी, नऊ निळी, दहा नारिंगी, असे त्यांचे रंग ठरलेले आहेत. चौकटीच्या वहीचा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून, मापाने कापून आणि रंगवून हा संच घरी होतो. फक्त घरच्या पट्ट्यांवर चौकटी दिसत असल्यामुळे मूल त्या मोजत बसते. म्हणून रंगवलेली बाजू वर ठेवायची. नारिंगी पट्टीखाली दोन पट्ट्या जोडून तेवढीच लांबी किती प्रकारे करता येते, हा खेळ सुरू झाला की दहाच्या सगळ्या जोड्या पाठ न करताच पक्क्या होतात.

जुनी_शिक्षिका

मी बालवर्ग आणि पहिली-दुसरीला बरीच वर्षे शिकवले. वर सुचवलेले साहित्य उत्तम आहे. मात्र प्रश्न पैशांचा असेल, तर एक गोष्ट इथे कोणीतरी स्पष्टपणे मांडायला हवी, म्हणून मी मांडते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले सव्विसावे कलम सांगते की शिक्षण, निदान प्राथमिक टप्प्यावरचे, मोफत असावे, आणि बहुतेक देशांत सरकारी प्राथमिक शाळा मोफत आहेतही. म्हणजे हलाखीच्या परिस्थितीतल्या कुटुंबासाठी शाळा हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शाळा नुसते धडे देत नाही. दिवसातले चार-पाच तास एक जबाबदार प्रौढ माणूस, अनेक समवयस्क मुले, मैदान आणि पुस्तके ती विनामूल्य देते. घरी शिकवायचे ठरवले की हे सगळे कुटुंबाला स्वतःच्या खिशातून किंवा स्वतःच्या वेळातून उभे करावे लागते. अंगणवेल यांच्या निर्णयाविषयी मला आदर आहे. पण खर्चाचा हिशेब मांडताना ही बाजू गाळू नये.

अंगणवेल

जुनी_शिक्षिका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो तुम्ही आदराने मांडलात याबद्दल आभार. मोफत शाळेचा विचार आम्ही केला होता. आमची कारणे घरगुती आहेत आणि ती इथे मांडत नाही, पण निर्णय पक्का आहे. ‘खर्च म्हणजे फक्त साहित्य नव्हे’ हे तुमचे म्हणणे मात्र मला अधिक समजून घ्यायचे आहे, त्यावर अवश्य लिहा.

निरभ्र

पैशांच्या आधी कायदा तपासावा, कारण तो प्रत्येक देशात वेगळा आहे आणि चुकीचा अंदाज सर्वांत महाग पडतो. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि घरी शिकवण्याला जवळजवळ परवानगीच नाही. त्याविरुद्ध एक कुटुंब युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, तेव्हा २००६ साली न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्यातले सातवे कलम मुलाला शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण मिळावे असे म्हणते आणि होमस्कूलिंग त्या ‘अन्य प्रकारे’वर उभे आहे. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत ते कायदेशीर आहे, पण नोंदणी, चाचण्या आणि अहवाल यांचे नियम प्रत्येक राज्याचे निराळे. भारतात २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू होतो. त्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, मात्र पालकांना शिक्षा करण्याची तरतूद त्यात नाही. जिथे परीक्षा किंवा नोंदणी सक्तीची आहे तिथे तिचे शुल्क पहिल्याच वर्षीच्या खर्चात धरावे लागते.

पुस्तकपेटी

पुस्तकांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. या वयातल्या शिक्षणाचा निम्मा भार मोठ्याने वाचून दाखवण्यावर असतो, आणि त्यासाठी पुस्तके सतत बदलती हवीत. विकत घेऊन हे जमत नाही. वाचनालयाची वर्गणी हा खर्च बाकी कशातही काटकसर करून जरूर करावा. पुष्कळ वाचनालयांत बालविभाग विनामूल्य असतो, तिथे तर प्रश्नच नाही.

मराठीसाठी दोन ठिकाणे सांगतो. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात, कारण ती मुक्त परवान्याखाली आहेत. पुस्तके वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेली आहेत, त्यामुळे नवशिक्या वाचकाला नेमके पुस्तक देता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती सगळी शिकवावीत असे नाही, पण त्या त्या इयत्तेत साधारण काय अपेक्षित असते, याचा तो उत्तम आराखडा आहे.

एक सावधगिरीची सूचना करतो. ‘मोफत वर्कशीट’ हे घरी शिकवणाऱ्यांच्या खर्चातले सर्वांत मोठे भोक आहे. रंगीत छपाईची शाई फार लवकर संपते, आणि पाच मिनिटांत रंगवून झालेला कागद पुन्हा उपयोगी पडत नाही. जे पान खरोखर उपयोगी वाटते ते एकदाच काळ्या शाईत छापावे, पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालावे आणि त्यावर पुसता येणाऱ्या मार्करने लिहू द्यावे. एकच पान दोन्ही मुलांना पुरते.

रानवारा

अनुमोदन. त्याबरोबर थोडा विरोधही नोंदवते. वरचे प्रतिसाद वाचून प्रत्येक वस्तू घरीच करायची असा समज होऊ नये. रात्री मुले झोपल्यावर पुठ्ठे कापत बसणारी दमलेली आई दुसऱ्या दिवशी सकाळी चिडकी असते, आणि मुलांच्या शिक्षणाचे त्याने जेवढे नुकसान होते तेवढे विकतच्या संचाने होत नाही. जे अर्ध्या तासात होते ते घरी करावे. बाकीचे मागून आणावे किंवा वापरलेले घ्यावे, नाहीतर त्याच्याशिवाय राहावे.

एका वस्तूवर मात्र खर्च करावा असे मला मनापासून वाटते, आणि ती म्हणजे साधे लाकडी ठोकळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट यांनी मुलांसाठी जे ठोकळे तयार केले, त्यात जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण एकास दोनास चार असे असते. शिवाय अर्धे, दुप्पट आणि चौपट ठोकळेही असतात. सुताराकडे उरलेल्या लाकडाच्या पट्ट्या असतात. त्याला हे प्रमाण सांगून तुकडे कापून घ्यावेत आणि कडा घासून गोल कराव्यात. रंग देऊ नये. तीन वर्षांचे मूल त्याचे मनोरे करते, तर सात वर्षांचे मूल पूल बांधताना दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण हे सहज वापरते. एकाच वस्तूचा एवढ्या वर्षांचा उपयोग मी दुसऱ्या कशाचा पाहिलेला नाही.

साधाप्रश्न

या वयात रोज किती वेळ ‘शिकवायला’ बसावे लागते?

पाटीपेन्सिल

@साधाप्रश्न, साडेतीन वर्षांच्या मुलाला मुद्दाम बसवूच नये. साडेपाच-सहाच्या मुलाला दहा-पंधरा मिनिटांची दोन किंवा तीन सत्रे पुरतात, आणि ती जोडून घेऊ नयेत. वाचून दाखवणे यात धरलेले नाही, ते हवे तेवढे करावे. शाळेतला वेळ हजेरी, वाट पाहणे, रांगा आणि वीस-तीस मुलांच्या वह्या तपासणे यांत बराच जातो; घरी एका मुलाशी बोलताना तो भाग उरतच नाही.

यावरून आठवले: एकदा पाहुण्यांनी धाकट्याला विचारले, “तुझी शाळा कुठे आहे?” तो म्हणाला, “आज गच्चीवर भरली आहे, उद्याचे अजून ठरले नाही.”

दोन_मुलांची_आई

आता थोडे खऱ्या खर्चाकडे येते. जुनी_शिक्षिका यांनी वेळाचा जो उल्लेख केला तोच माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. पुठ्ठा, काड्या आणि वाचनालय मिळूनही साहित्याचा खर्च फारसा होत नाही. खर्च होतो तो एका प्रौढ माणसाच्या मिळकतीचा. कमी पैशांत होमस्कूलिंग करण्याचा प्रश्न हा बव्हंशी तो वेळ कसा वाटून घ्यायचा याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आमच्याकडे दोघेही अर्धवेळ काम करतो आणि वेळा एकमेकांना पूरक ठेवल्या आहेत. तेवढ्याने भागत नव्हते, म्हणून जवळच्या आणखी दोन कुटुंबांबरोबर सकाळ वाटून घेतली. आठवड्यातून एक सकाळ सगळी मुले आमच्याकडे येतात, बाकीच्या ठरलेल्या सकाळी ती इतरांकडे जातात. जो जे उत्तम करतो तेच त्याने शिकवायचे. एका घरातले आजोबा सुतारकाम शिकवतात, दुसरीकडे गाणे आणि गोष्टी असतात, आमच्याकडे मोजमाप आणि बागकाम. मुलांना सोबती मिळतात आणि प्रत्येक घराला कामासाठी मोकळे तास मिळतात.

अशी व्यवस्था करताना काही गोष्टी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात. मूल आजारी असेल तर पाठवायचे नाही. मुलाला ओरडणे आणि हात लावणे याविषयी सगळ्यांचा एकच नियम हवा. मोबाइल दाखवायचा की नाही, हेही आधीच ठरवावे. पैशांची देवघेव आम्ही मुद्दाम टाळली. शुल्क घेतले की काही ठिकाणी त्या जागेला पाळणाघराचे किंवा शाळेचे नियम लागू होतात, आणि शिवाय मैत्रीत हिशेब शिरतो. आमच्यात पहिला वाद झाला तो उशिरा न्यायला येण्यावरून. तेव्हापासून ‘न्यायची वेळ’ ही सर्वांत काटेकोर वेळ मानली जाते.

तुमच्या घरात एकच पगार आहे, म्हणजे दुसऱ्या व्यक्तीचा सगळा दिवस यात जाणार. त्या व्यक्तीला आठवड्यातून निदान दोन सकाळी पूर्ण मोकळ्या मिळतील, एवढे तरी आधी पाहा. ठोकळे नंतर घेतले तरी चालतील.

उत्तरायण

मोबाइलचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. काटकसर करणाऱ्या घरात फुकटचे व्हिडिओ हाच शिक्षक होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, कारण दमलेल्या पालकाला तोच तत्काळ उपाय दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच. आणि दिवसभरात निदान तीन तास हालचाल, धावपळ व्हावी. आमच्या घरी याला पर्याय म्हणून आवाजाचा उपयोग केला. आजीने सांगितलेल्या गोष्टी, मोठ्या भावाने वाचलेल्या कविता फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आणि पडदा पालथा घालून ऐकवल्या. मूल ऐकता ऐकता चित्र काढते, ठोकळे रचते. व्हिडिओ पाहताना ते यातले काहीच करत नाही.

रानवारा

@उत्तरायण, सहमत आहे, पण सरसकट नको. सहा-सात वर्षांनंतर एखाद्या विषयापुरता पाच मिनिटांचा व्हिडिओ सोबत बसून पाहिला, मधे थांबवून बोललो, तर तो उत्तम शिक्षक ठरतो. कोशातून बाहेर येणारे फुलपाखरू मी पुठ्ठ्याने दाखवू शकत नाही.

गणितवेडा

थोडे अवांतर वाटेल, पण मराठी माध्यमातून घरी शिकवणाऱ्यांना याचा उपयोग होईल. एकवीस ते नव्व्याण्णव ही आपली संख्यानामे मुलांना अवघड जातात. पस्तीस ऐकून ५३ लिहिणारी मुले सगळ्यांनी पाहिली असतील, कारण नावात एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. एकोणतीस ऐकताना तर तीस कानावर पडते आणि लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले तेव्हा मोठा वाद झाला होता. मला तो पर्याय घरच्या शिक्षणात तात्पुरता आधार म्हणून फार उपयोगी वाटतो. १०, २०, ३० असे ९० पर्यंतचे लांब कार्ड करावे आणि १ ते ९ चे अर्ध्या लांबीचे. वीसच्या शून्यावर तीनचे कार्ड ठेवले की २३ दिसते आणि मूल ‘वीस आणि तीन, तेवीस’ असे दोन्ही म्हणते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या जाड कागदावर हे सगळे होते. नावे पक्की झाली की पहिला भाग मूल आपोआप सोडून देते.

जुनी_शिक्षिका

अंगणवेल, तुम्ही विचारले होते म्हणून पुन्हा लिहिते. साहित्याबाहेरच्या ज्या खर्चाचा मला आग्रह धरायचा आहे तो डोळे आणि कान यांच्या तपासणीचा.

वर्गात एक मुलगा फळ्यावरचे कधीच उतरवून घेत नसे, शेजारच्या वहीत पाहून लिहीत असे आणि तेही मान एका बाजूला कलती करून. घरी सगळ्यांना वाटे की तो आळशी आहे. वर्गात तीसेक मुले एकाच अंतरावरून एकच फळा पाहत होती, म्हणून त्याचे वेगळेपण नजरेत भरले. तपासणीत एका डोळ्याची नजर फार कमी निघाली. चांगला डोळा सगळे काम सांभाळून घेतो, त्यामुळे मूल तक्रारच करत नाही. ‘आळशी डोळा’ म्हणतात तो हाच. त्यावरचे उपचार साधारण सातव्या वर्षाच्या आत सुरू झाले तर अधिक चांगले लागू पडतात. घरी सगळे वाचन हातभर अंतरावर होते आणि तुलनेला दुसरे मूल नसते, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. कानांचेही तसेच आहे. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असे वाटते. अनेक ठिकाणी सरकारी रुग्णालयांत या तपासण्या विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात होतात. मुलीची तपासणी यंदाच करून घ्या, आणि मुलाचीही, कारण अक्षरे न येणाऱ्या मुलांची नजर चित्रांवरून तपासता येते.

दुसरे असे की आठव्या वर्षी मुले शाळेत जाणार असतील, तर त्या दिवसाची तयारी आतापासून डोक्यात असू द्या. तोवर मुलीला अनोळखी पान अडखळत का होईना वाचता यावे, मनातली चार-पाच वाक्ये लिहिता यावीत, हातच्याच्या बेरजा-वजाबाक्या समजून करता याव्यात. शिवाय घराबाहेरच्या प्रौढ माणसाची सूचना ऐकून तसे वागता यावे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबता यावे. @दोन_मुलांची_आई यांची वाटून घेतलेली सकाळ यातल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी फार मोलाची आहे. प्रत्येक महिन्यातले एखादे चित्र आणि लिखाणाचा एखादा कागद, मागे तारीख घालून, एका फाइलमध्ये ठेवत जा. प्रवेशाच्या वेळी शाळेला दाखवायला ती फाइल कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा उपयोगी पडते. मधल्या इयत्तेत प्रवेश घेताना कोणती कागदपत्रे लागतात, तेही आत्ताच विचारून ठेवा.

घरच्या साहित्याविषयी कोणाला कमीपणा वाटत असेल, तर ताराबाई मोडकांची आठवण ठेवावी. त्यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघांनी ते त्यांच्याबरोबर आणि पुढे कोसबाडला चालवले. त्यांच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, पाने, बिया आणि दगड हेच शैक्षणिक साहित्य होते, आणि मुले बालवाडीत येत नसत तिथे बालवाडी त्यांच्या अंगणात जात असे. पैसे नव्हते म्हणून केलेली ती तडजोड नव्हती. मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून शिक्षण सुरू व्हावे, या विचारातून ते साहित्य निवडलेले होते.

पुस्तकपेटी

डोळ्यांच्या तपासणीचा मुद्दा कोणत्याही यादीत वाचलेला नव्हता. या आठवड्यातच मुलाला घेऊन जातो. धन्यवाद.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघांनी बसून ठरवले ते असे: वाचनालयाची वर्गणी, दोघांची डोळे आणि कान यांची तपासणी, कोरा कागद, काचकागद आणि सुताराकडून ठोकळे, एवढाच यंदाचा खर्च. वर्षभराचा अभ्यासक्रम आणि ॲपची वर्गणी रद्द. जवळ राहणाऱ्या एका कुटुंबाशी सकाळ वाटून घेण्याविषयी बोलणे सुरू केले आहे. त्यांनी न्यायच्या वेळेचा नियम आपणहून काढला.

एक व्यावहारिक अडचण उरते. मुलगी काड्या किंवा अक्षरे घेऊन बसली की धाकटा येऊन सगळे उधळतो. त्याला दूर ठेवले तर रडतो, आणि जवळ बसवले तर तिचे काम होत नाही. दोघांचे साहित्य वेगळे करण्याइतकी जागाही घरात नाही.

पाटीपेन्सिल

हे प्रत्येक घरात होते. जमिनीवर एक छोटी सतरंजी घाला आणि नियम करा की सतरंजीवरचे काम ज्याचे आहे त्याच्या परवानगीशिवाय कोणीही उचलायचे नाही, मोठ्यांनीसुद्धा नाही. धाकट्याला त्याची स्वतःची सतरंजी द्या, नाहीतर तो नियम त्याला शिक्षा वाटेल. तिच्या सत्राआधी दहा मिनिटे फक्त त्याच्याबरोबर बसा. लक्ष आधी मिळाले की ते ओढून घेण्याची त्याला फारशी गरज उरत नाही. तेवढ्यातही नाही जमले, तर पसरट भांड्यात पाणी, दोन वाट्या आणि एक स्पंज देऊन त्याला तिच्या शेजारीच बसवा. एका वाटीतले पाणी स्पंजाने टिपून दुसरीत पिळायचे. बोटांना लिहिण्यापूर्वी हवा असलेला व्यायाम यातच होतो, आणि तेवढ्यात मुलीच्या जुड्या बांधून होतात. खाली एक जुना टॉवेल मात्र अंथरा.

गणितवेडा

आणि अक्षरे व काड्या झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उंच ठेवा. आमच्याकडे धाकट्याने अर्धी वर्णमाला पाण्यात भिजवली होती. काचकागद टिकला, पुठ्ठा गेला. पुठ्ठ्याला आधी दोन्ही बाजूंनी रुंद सेलोटेप लावून घेतली आणि मग अक्षर चिकटवले, तर पाण्याचा त्रास होत नाही.